गौरीच्या खाण्याचा तक्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. रागात मी सगळं बोलून टाकतो, असं लोक म्हणतात — हे मात्र कधी तोंडातून निघालं नाही.

भोसरीत माझं वर्कशॉप आहे. बीडहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या लेथवर उभा असायचो. आज माझ्या चार मशिनी आहेत. घासाघीस केल्याशिवाय मी साधी कोथिंबीर घेत नाही. पण मुलीच्या बाबतीत हात सैल. गुरुवारी आमच्याकडे वर्कशॉपना सुट्टी असते. शाळेतून गौरीला आणायला मी जायचो, तिला कोल्ड्रिंक पाजायचो, क्रीमची बिस्किटं घेऊन द्यायचो. मग गुरुवारच कशाला? रोज संध्याकाळी खिशात काहीतरी असायचंच. आईला सांगायचं नाही, हे आमचं ठरलेलं.

ती आठ वर्षांची असताना तिच्या दाढा किडल्या. संत तुकाराम नगरमधल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी दाढा पाहिल्या आणि तिला वजनकाट्यावरही उभं केलं. दात दाखवायला आणलेलं पोर तोलायचं कशाला?

"भाऊ, साखर दातांपाशी थांबत नाही. वयाच्या मानाने वजन फार आहे हिचं."

बाहेर बाकावर लोक ऐकत होते. मी भडकलो. "मॅडम, दाढेचं बोला! खात्यापित्या घरचं पोर आहे."

चार माणसांत त्या असं बोलल्या, याचा राग मला आजही आहे. पण पुढे जे केलं ते माझंच.

त्यांनी एक तक्ता दिला. आठवडाभर मुलगी काय खाते, काय पिते, ते लिहून आणायचं. ते पाहून खाणं बदलू, गरज पडली तर मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवू. बायकोला म्हटलं, मी भरतो.

आमच्या धंद्यात मालासोबत तपासणीचा रिपोर्ट द्यावा लागतो. घाई असली की मोजमाप न घेताच तो टेबलावर बसून भरतात — सगळे आकडे हद्दीत, जरा खालीवर, म्हणजे खरे वाटतात. तक्ता मी तसाच भरला. भाकरी, भाजी, वरण-भात. संशय नको म्हणून बुधवारी एक लाडू.

पुढच्या वेळी बायकोही सोबत होती. बाईंनी तक्ता दोनदा वाचला. "गौरी, एवढंच खातेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं पाहिलं — नाही, डोळे वटारले.

"हो," ती म्हणाली.

बाई बायकोला म्हणाल्या, "ताई, मग हिला गोड कुठून तरी मिळतंय. रागावू नका, फक्त लक्ष ठेवा."

घरी आल्यावर बायकोने दप्तर उपसलं. बिस्किटांचे कागद निघाले. "कुणाचं चोरलंस? बोल!" म्हणत तिने पोरीला मारलं. मी तिथेच बसून होतो, हातात चहा. गौरीने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. एक वाक्य तर होतं — किती वेळ लागला असता?

त्या दवाखान्यात आम्ही पुन्हा गेलो नाही. माझं खिशातून देणंही थांबलं नाही.

गौरी आता अठराची आहे. वजन वाढतच गेलं. चार माणसांत ती जेवत नाही. तिच्या चोरीची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठे कार्य असलं की तिच्या मावश्या ओरडतात, "डबे लपवा गं, गौरी आली!" सगळे हसतात.

मीही हसतो. गेल्या महिन्यात, चऱ्होलीच्या वास्तुशांतीलाही हसलो.