लाँचच्या इंजिनाची गाडी

वहिनी गेल्याचा फोन पालीला आमच्या शाळेत आला. हेडमास्तरांनी मला वर्गातून बोलावून घेतलं आणि खुर्ची पुढे केली, तेव्हाच मी समजले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. भेटायला येणारे अजून म्हणतात, बिचारीनं फार सोसलं हो. सोसलं वगैरे काही नाही. माझी वहिनी सोसून घेणाऱ्यांतली नव्हतीच, आणि तिला कुणी बिचारी म्हटलेलं मी तरी ऐकून घेणार नाही.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, मालगुंडात भाड्यानं गाडी चालवायचा. जुनी काळी ॲम्बॅसिडर. बाळंतिणी, आजारी माणसं, नवरानवरी, सगळी त्याच गाडीतून रत्नागिरीला जायची. त्यानं हौसेनं वहिनीलाही गाडी शिकवली होती. तो अचानक गेला आणि ती स्टिअरिंगवर बसली, तेव्हा गावानं आधी तोंडाला पदर लावला, मग गुपचूप मागच्या सीटवर बसायला लागलं. पण वर्षभरात इंजिनानं मान टाकली. इतक्या जुन्या मॉडेलचे पार्ट कोल्हापूरपर्यंत हिंडूनही मिळेनात. आमचे थोरले दादा मुंबईहून आले ते सगळं ठरवूनच... गाडी भंगारात द्यायची, घराला कुलूप घालायचं, वहिनीनं त्यांच्या दोन खोल्यांत येऊन राहायचं. वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"वन्सं, इंजिन मेलंय," ती म्हणाली. "मी नाय मेल्ये."

बंदरावर इस्माईलमामा मच्छीमार लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे. मोडीत निघालेल्या एका लाँचचं डिझेल इंजिन तिनं त्यांच्याकडून गाडीत बसवून घेतलं. लेथवर मधली प्लेट करून ते जुन्या गिअरबॉक्सला जोडलं. बॉनेट लागेना म्हणून कापून उंच केलं. दादा पोट धरून हसले. म्हणाले, ही गाडी रत्नागिरी स्टँडपर्यंत पोचली तर तू खुशाल इथं राहा, नाही पोचली तर माझ्याबरोबर मुंबई. वहिनीनं मान हलवली आणि आपली ट्रंक स्वतःच डिकीत टाकली.

निवळीच्या चढणीवर बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. पुढे बसलेल्या मामांनी उतरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. लाँचचं इंजिन समुद्राच्या पाण्यानं थंड होतं, त्याला पंखा लागत नाही. जन्मभर लाँचवर राबलेल्या मामांना पंखा बसवायचं सुचलंच नव्हतं. दादांनी ट्रंक बाहेर काढली. वहिनीनं ती परत आत ठेवली. वहाळातून पाणी आणलं, रेडिएटरमध्ये ओतलं... थोडं जायचं, थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, पुन्हा निघायचं. दादांचा पारा चढत होता आणि मला, खरं सांगते, फार मजा येत होती. स्टँडवर पोचलो तेव्हा मुंबईची एसटी केव्हाच सुटली होती.

"पोचली ना?" वहिनी म्हणाली. "किती वेळात, ते कुठं ठरलं होतं, भावोजी?"

पंखा पुढे पालीतल्या एका मोडक्या ट्रकचा मिळाला. वहिनी मालगुंडात राहिली, आपल्या घरात, आपल्या कमाईवर, अगदी शेवटपर्यंत. गाडीचा आवाज मात्र लाँचचाच राहिला. ती यायला लागली की नव्यानं आलेले पाहुणे समुद्राकडे बघायचे.

दिवसकार्य आटोपलं आणि दादांनी पुन्हा भंगारवाला बोलावला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. शिकाऊ लायसन काढलंय; रविवारी मामा शेजारी बसून शिकवतात. वहिनी माझ्या खांद्यालासुद्धा लागायची नाही, त्यामुळे ड्रायव्हरची सीट तिनं पार पुढे ओढून घेतलेली आहे आणि माझे गुडघे खाली सारखे आपटतात. खटका दाब आणि मागे सरकव, दादा म्हणाले. नाही सरकवणार. गुडघे सोलले तरी चालतील, सीट तिथंच राहील.