तलावाच्या वाटेवर गाड्या बंद, अन् अर्ज माझाच

मंडळी, आज दुपारी दुर्गले जनसुनवाईले गेलो होतो.

मरोद्याच्या तलावाकाठी पोट्टे जीपा अन् बाइका दामटतात, म्हणून मागच्या महिन्यात आपल्या फिरायले जाणाऱ्या ग्रुपचा अर्ज मीच लिहिला होता: "या वाटेवर सर्व मोटार वाहने बंद करा." स्टील प्लांटमध्ये जन्मभर बाबूगिरी केली. सवयीनं सहीच्या जागी पेन्सिलीनं खूण केली, अन् तुम्ही सगळ्यांनी न वाचता सह्या ठोकल्या.

आता नियम तसाच बनून राहिला, मसुदा निघाला आहे. माझ्या बायकोचे, सुधाचे, पाय चालत नाहीत. तलावावर ती तिच्या तीनचाकी स्कूटरनंच जाते. तेवढंच तिचं बाहेर पडणं. त्या स्कूटरले मी आजवर गाडी समजलोच नव्हतो!

उठून म्हटलं, निदान अशा स्कूटरले तरी सूट द्या. सुनवाई घेणाऱ्या साहेबानं फाइल माझ्याकडे फिरवली. "अंकल, 'सर्व' तो आपने ही लिखा है."

पहिली सही माझीच होती.

लेखी हरकती उद्या पाचपर्यंतच घेणार आहेत. नवा अर्ज तयार आहे. सकाळी कोण कोण याल माझ्या घरी सही कराले? हात जोडतो. या वेळी खूण केली नाही, आधी वाचा.

घरी आलो तर सुधा विचारते, "कावून बंद करून राहिले? कोण्या मेल्यानं असा अर्ज केला?"

काय सांगू तिले?