पाल्याची दोन पोती

शहराच्या मोठ्या बागेत एकतीस वर्षं मुकादमी केलेल्या या माणसाला सगळे 'झाडूमास्तर' म्हणत. फाटक उघडण्याआधी वाटेवर एक पान दिसलं, तरी त्यांचा पारा चढायचा. घरामागच्या बागेत मात्र बायकोचं राज्य. तिथे पाल्याचा ढीग तसाच असे, सूर्यफुलांची वाळकी डोकी चिमण्यांसाठी उभी असत आणि पसरट ताटलीत पाणी. ढिगाखालच्या जाड्या बेडकाला ती 'मोठे साहेब' म्हणे. "पोट सुटलंय आणि काम काडीचं नाही," असं तिचं म्हणणं.

मास्तर निवृत्त झाले त्याच महिन्यात तिचं उजवं अंग लुळं पडलं. खाट मागच्या खोलीत, खिडकीशी लावली. ती दिवसभर बाहेर बघत पडून राहायची. मास्तर तिला वेळेवर भरवत, पुसत, तिची कूस बदलत. त्यांच्या आत मात्र काही हलत नव्हतं. रडू नाही, राग नाही.

एका सकाळी हात रिकामे होते, म्हणून त्यांनी खराटा उचलला. दुपारपर्यंत बाग लख्ख. पाला कचऱ्याच्या गाडीत, सूर्यफुलं मुळासकट उपटलेली, वर औषधाची फवारणी. दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या दिवशी बायकोने तोंड भिंतीकडे केलं, आणि दोन घासांपुढे काही घेईना.

बहिणीला बघायला आलेली मेहुणी कडाडली, "भाऊजी, तिला एवढी एक खिडकी उरली होती. तीही झाडून टाकलीत?"

"घाण झाली होती."

"घाण कसली? गणगोत होतं ते तिचं!"

मास्तर उठले आणि मोठ्या बागेत गेले. नवा मुकादम त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

"पाला हवाय? मास्तर, एका पानापायी अख्खी वाट पुन्हा झाडायला लावली होतीत मला!"

"दोन पोती दे."

"चार न्या की. प्रदर्शन भरवताय का?"

मास्तर हसले नाहीत. बाकांवर माणसं ऊन खात बसली होती. एकतीस वर्षांत ते त्या बाकांवर कधी टेकले नव्हते. आज पोती शेजारी ठेवून बसले. बरं वाटलं नाही, वाईटही नाही.

घरी पाला ओतला, तर हात आपोआप ढीग नीट रचायला लागले. त्यांनी तो पायाने विस्कटला. आठ दिवस काही आलं नाही. ते रोज ताटलीतलं पाणी बदलत राहिले.

नवव्या सकाळी ते तिच्या पायाला तेल लावत होते. बाहेर पाल्यात सळसळ झाली, मग चिवचिव.

"अहो," ती जड जिभेने म्हणाली, "कूस बदला."

"आत्ताच तर बदलली."

"त्या बाजूला."

त्यांनी तिला खिडकीकडे वळवलं, पाठीशी उशी लावली. आनंद झाला का, हे त्यांना कळलं नाही. स्टूल पलीकडे ओढून ते दुसऱ्या पायाला तेल लावायला बसले.