खंडेनवमीला वाजत राहिलेला कॉम्प्युटर

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर येण्याआधी टाइप केलेले निरोप परगावी पाठवणारा टेलेक्स होता, आणि तो चालवणाऱ्या बाई डोंबिवलीहून यायच्या. टेलेक्सचं मशीन भंगारात गेलं आणि पाठोपाठ बाईही गेल्या. काढलं असं कुणी म्हणालं नाही. "त्यांनी स्वतःहून घेतली रिटायरमेंट," असंच सगळे म्हणत होते. जायच्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या, नव्या कॉम्प्युटरकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सांभाळून गं. मीसुद्धा या ऑफिसातली एकटीच होते, जिला ते मशीन यायचं."

त्या रागाने बोलल्या असत्या तर मी विसरून गेले असते. पण त्या अगदी मायेने बोलल्या. त्या दिवसापासून त्या मशीनची आणि माझी नोकरी एकाच दोरीला बांधलेली आहे असं मला वाटायला लागलं.

वागळे इस्टेटमधली आमची कंपनी प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढायची आणि परदेशी पाठवायची. पुढे ऑफिस, मागे प्रेसशॉप, मध्ये काचेची खिडकी असलेली भिंत. मी एक्स्पोर्टचे कागद करायचे. टेम्पररी. सहा महिन्यांची ऑर्डर, ती संपली की पुन्हा सहा महिन्यांची. त्या वर्षी साहेब म्हणालेले, "हेड ऑफिसकडून तक्रार आली नाही तर मार्चमध्ये तुला कायम करून घेऊ." हे वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं, आणि आईने ते सगळ्या आळीला सांगितलं.

सांगणारच. आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. माझ्या आधी सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वडील खाडीत जाळी टाकायचे, आई कोपरीच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. हे मी खाली मान घालून सांगत नाही, तेव्हाही सांगत नव्हते. ऑफिसात कुणी विचारलं, "तुमच्याकडे काय करतात?" तर मी सरळ म्हणायचे, मासे विकतात. समोरच्याने एकदा तरी नाक आक्रसलेलं दिसायचं. आक्रसू दे. पदवीचा कागद माझ्याकडे होता.

पण कॉलेजाने मला टायपिंग शिकवलं नव्हतं. ते मी टेंभी नाक्याजवळच्या एका क्लासात शिकले. तिथल्या सरांचा एकच मंत्र होता, नजर कागदावर. बोटांकडे बघायचं नाही, मशीनकडे बघायचं नाही. मान वळली की ते मागून येऊन टेबलावर पट्टी आपटायचे. मी इतकी तयार झाले की डावीकडे कागद ठेवला की बोटं आपोआप चालायची आणि पान संपल्याशिवाय डोळे वर यायचे नाहीत.

कॉम्प्युटरवर हेच अंगाशी आलं. त्यात ईमेलचा प्रोग्रॅम टाकून दिलेला. हेड ऑफिस फोर्टात, तिथून दिवसभर निरोप यायचे. मेल आली की तुम्ही काय करताय याचा विचार न करता मध्येच एक चौकट उघडायची आणि इंग्रजीत विचारायची, नवीन मेल आली आहे, वाचायची का? खाली हो आणि नाही. आता माझे डोळे कागदावर, बोटं इन्व्हॉइस टाइप करतायत, आणि मधली चार-पाच अक्षरं जायची त्या चौकटीत. त्यातला एखादा इंग्रजी 'एन' लागायचा 'नाही'ला, आणि चौकट निघून जायची. मी पान संपवून वर बघायचे तेव्हा पडद्यावर चौकटीचा मागमूस नसायचा. इन्व्हॉइसमधली काही अक्षरं गायब असायची तेवढीच.

एकदा हेड ऑफिसने कळवलेलं, जहाज उशिरा आहे, ट्रक आज सोडू नका. ती चौकट अशीच माझ्या बोटांखालून गेली. ट्रक गेला आणि बंदराच्या गेटबाहेर उभा राहिला. साहेबांना फोनवर जे ऐकावं लागलं ते केबिनच्या काचेतून आम्हाला दिसलं. ते उभे राहून ऐकत होते. शिकवलं तसंच मी करत होते हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण हेड ऑफिसला हे कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मुलाचे दोन स्पीकर आणले, कॉम्प्युटरला जोडून घेतले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. "आता टिंग झालं की हातातलं काम सोडायचं आणि आधी मेल बघायची. कळलं?"

कळलं. सगळ्या ऑफिसला कळलं. टिंग व्हायचं, चार माना वर यायच्या आणि केबिनमधून हाक यायची, "आली का गं?" मी धडपडून हातातलं सोडायचे. बहुतेक वेळा मेल बिनकामाचीच असायची, हेड ऑफिसच्या पाण्याच्या टाकीबद्दल वगैरे. पण ती उघडेपर्यंत मला एकच वाटायचं. हीच ती असेल. तक्रारीची. परत फिरून इन्व्हॉइसला हात घालायचे तर कुठली ओळ चालू होती ते आठवायचं नाही. आकडे चुकायला लागले. मग चूक होईल याची भीती, आणि त्या भीतीत पुन्हा टिंग.

ही भीती घरीही आली. एकदा गल्लीत कुल्फीवाल्याने घंटा वाजवली आणि माझ्या हातातलं कालवण सांडलं. आई बघत राहिली. "काय झाला गो तुला? भूत बगलास का काय?"

"काही नाही. ऑफिसचं आहे."

"हापिसान भुता हान?"

आवाज बंद का नाही केला, असं आज कुणीही विचारेल. कॉम्प्युटर बसवायला आलेला इंजिनियर सांगून गेलेला, सेटिंगला हात लावला तर सगळं उडेल. सगळं म्हणजे काय ते त्याने सांगितलं नव्हतं. त्या 'सगळं'मध्ये मी स्वतःलाही धरलेलं.

अशात खंडेनवमी आली. आमच्या प्रेसशॉपमध्ये तिचं फार होतं. मशिनी धुवून पुसून तेलपाणी करायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि मग मेन स्विच खाली. त्यानंतर दसरा होईपर्यंत कुठल्याही मशीनला हात नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमननी पहिलं बटण दाबायचं. फोरमन साताऱ्याकडचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. आदल्या वर्षी घाईच्या ऑर्डरीसाठी हा नियम मोडून पूजेनंतर एक प्रेस चालवलेली, आणि पुढे त्याच प्रेसमध्ये एका माणसाची दोन बोटं गेली. बोटं गेली ती मशीनचं गार्ड काढून ठेवल्यामुळे, हे मला समजत होतं. पण ती किंकाळी मीसुद्धा भिंतीच्या अलीकडून ऐकलेली. समजणं एका बाजूला आणि ती किंकाळी एका बाजूला.

मागची पूजा आटोपून मामा ताट घेऊन ऑफिसात आले. कॉम्प्युटरपुढे थांबले. "सायेब, ह्येबी मशीनच की. ह्याची पूजा नगं?"

"करा की, करा," साहेब म्हणाले.

मामांनी पडद्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं, बटणांवर अक्षता टाकल्या, वरून माळ सोडली. झेंडूने अर्धा पडदा झाकला. प्रेसवरच्या एकाने विचारलं, "मामा, याला तेल कुठं घालायचं?"

"तुझ्या टाळक्यात घाल."

सगळे हसले. पेढे फिरायला लागले. प्रेसशॉपचा मेन स्विच बंद झालेला, पण ऑफिसची लाइन वेगळी. कॉम्प्युटर चालूच राहिला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि झेंडूच्या आतून टिंग झालं.

"घ्या, देव पावला!" कुणीतरी म्हणालं.

पुन्हा टिंग. "परसाद मागतंय त्ये."

मग लागोपाठ टिंग, टिंग, टिंग. इतक्या मेल एकदम कधीच आल्या नव्हत्या. आता कुणी हसेना. माझ्या हातातला पेढा बोटांना चिकटला. इतकं काय असेल? ट्रक? जहाज? माझं नाव?

साहेब माझ्या बाजूला सरकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "पटकन बघून घे ना गं."

"सगळ्यांसमोर?"

"माळ जरा बाजूला कर."

मामांनी वळून बघितलं. "काय म्हनताय, सायेब?"

"मी? मी कुठे काय म्हणालो?" साहेब म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

म्हणजे आता जे काही होईल ते माझ्या एकटीच्या डोक्यावर. बघितलं नाही तर हेड ऑफिस आहे, मार्च आहे. बघितलं आणि पुढे कुणाच्या हाताला साधं खरचटलं, तरी सगळं प्रेसशॉप माझ्याकडे बोट दाखवेल. मग साहेब मला ठेवतील? ज्यांनी आत्ता छताकडे बघितलं ते?

मी एक पाऊल पुढे टाकलं तशी मामा म्हणाले, "पोरी, हात नगं लावू. मागल्या साली काय झालं ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. पण गप्प बसून भ्यायचं ते मी महिनोन् महिने केलेलं. मी म्हटलं, "मामा, आमच्याकडे नारळी पुनवेला होडीची पूजा करतात. पूजा झाली की होडी बांधून ठेवत नाहीत. पाण्यात घालतात."

"व्हडीला लाईट नसती."

"लाइट नसते. पण माणूस बुडतो की."

टिंग झालं. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं, आणि मला पुढे कुणी ढकललंय ते बहुतेक त्यांना कळलं. "तू इचारतीयास, का सांगतीयास?"

"विचारते."

"मग पाया पड आन् बघ. फकस्त बघायचं. काम करायचं न्हाई."

मी कॉम्प्युटरला नमस्कार केला. बी.कॉम. झालेल्या बाईने केला, आणि मनापासून केला. माळ सरकवली आणि पहिली मेल उघडली. हेड ऑफिसातल्या कुणीतरी सगळ्या शाखांना दसऱ्याच्या शुभेच्छा पाठवलेल्या. दुसरी मद्रासची, तुम्हालाही शुभेच्छा. तिसरी दिल्लीची, सगळ्यांनाच. मग कलकत्ता, मग पुन्हा मद्रास. प्रत्येक शाखा प्रत्येक शाखेला शुभेच्छा देत होती. मी त्या मराठीत करून मोठ्याने वाचल्या.

"आपन बी धाडा की एक!" प्रेसवरचा कुणीतरी म्हणाला.

"न्हाई," मामा म्हणाले. "आज काम न्हाई."

ते सगळे हसत मागे गेले. साहेब मात्र माझ्या खुर्चीत बसले होते आणि रुमालाने मानेवरचा घाम पुसत होते. तेव्हा मला दिसलं की हा माणूस माझ्याइतकाच घाबरतो. ते स्पीकर त्यांनी माझ्यासाठी आणलेच नव्हते.

मी म्हटलं, "साहेब, हा आवाज मी बंद करणार आहे. ती चौकटपण. दर तासाला मी स्वतः मेल बघेन."

"आत्ता?"

"आत्ता नाही. मामा फक्त बघ म्हणालेत. परवा करते."

"आणि एखादी राहिली तर?"

"राहिली तर मार्चमध्ये मला कायम करू नका."

हे मी का बोलले मला आजही नीट सांगता येत नाही. दसऱ्याला आईने सोनं हातात ठेवलं आणि विचारलं, "सनाचा आसा तोंड?" मी तिला काही सांगितलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेटिंग उघडलं. दोन छोटे चौकोन, दोन बरोबरच्या खुणा. दोन्ही काढल्या. सगळं उडेल म्हणून डोळे मिटले होते. काही उडालं नाही. पण नंतरची शांतता त्या टिंगपेक्षा वाईट होती. मागे मामांनी प्रेस सुरू केली, प्रत्येक धडाक्याला मी श्वास धरत होते आणि पुढचा धडाका पडला की सोडत होते. पडद्याकडे बघावंसं वाटत होतं, बघितलं नाही. नजर कागदावर ठेवली. इन्व्हॉइस पूर्ण झालं, एकाही आकड्यावर परत जावं न लागता.

साहेब केबिनच्या दारात आले. "आली का गं?"

"तास झाला नाही अजून, साहेब."

ते आत गेले. तास झाला तेव्हा मी बघितलं. एक मेल होती, हेड ऑफिसची, त्या दिवशीचा ट्रक दुपारची वाट न बघता आधीच सोडा अशी. येऊन थोडा वेळ झाला होता. मी छापून केबिनमध्ये धावले. साहेब वाचत होते तोच फोन वाजला. त्यांनी उचलला, माझ्याकडे बघत ऐकलं आणि म्हणाले, "हो. बघितली आहे. ट्रक भरायला घेतलाय." ट्रक अजून कुणी भरायला घेतला नव्हता. फोन ठेवायच्या आत मी प्रेसशॉपच्या दारातून मामांना ओरडून सांगत होते.

मार्चमध्ये मला कायम केलं. कागदावर सही करून साहेबांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "ते तासाचं मात्र तसंच चालू दे हं."

मी हो म्हटलं, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. तास व्हायला आलेला.