खुर्चीवरचा पेपर

माझ्या एकट्याच्या खुर्चीवर शिपायानं पेपर अंथरला. बाकीचे नुसत्या खुर्चीवर. मी बौद्धवाड्यातला, एवढंच कारण. तरी बसलो. साहेबानं बोलावलं कशाला, ते मला बघायचं होतं.

चाकुरात पाण्याच्या टाकीवर पाणी सोडायची माझी नोकरी. इतक्या वर्षांत साहेबानं कधी सतरंजीवर बस म्हणलं न्हाई. आन् आज खुर्ची, हार, शाल, पेढा. लातूर नवा जिल्हा झालेला. गावात प्यायला पाणी न्हाई, हापिसात पताका. नोकरी सरत आलेल्यांचा सत्कार म्हणे. माझा इस्वास बसंना. पेढा खिशात टाकला.

साहेब उठले. "नवा जिल्हा, नवा कारभार. पेन्शन बंद. एकदाच रक्कम घ्या अन् मोकळे व्हा. मंजूर असेल तर टाळ्या वाजवा."

आमच्याकडं सभेत टाळी पडली की ठराव झाला. गळ्यात हार, तोंडात पेढा, कोण न्हाई म्हणंल? वाजल्या. शेजारी देवणीचा माधव, माझ्याच कामावरचा. त्यानंबी वाजवली.

"माधवा, ऐकलंस का काय म्हणले ते?"

"सगळे वाजवायलेत की गा."

माझे हात मांडीवरच. घरी बायको, दुष्काळी कामावर खडी फोडून गुडघे गेलेली. मी मेलो तर तिला महिन्याच्या महिन्याला हीच पेन्शन. ती ह्या टाळीत जाणार.

साहेब हसले. "काय म्हातारबा, हातात जीव न्हाई का?"

सगळे हसले.

मला साहेबाची मोटार आठवली. बायको खडी फोडायची त्याच उन्हाळ्यात त्यांच्या बंगल्यावर मी डोक्यावरून पाणी वाहायचो. माझ्या पाण्यानं मोटार धुवायचे. प्यायचं पाणी दुसऱ्याच्या हातचं.

उठलो. पेपर उचलला, साहेबाच्या टेबलावर ठेवला. नुसत्या खुर्चीवर बसलो.

"जीव लई हाय, साहेब. मला मंजूर न्हाई. तसं लिहा."

"तुझ्या एकट्यानं काय होतंय?"

"पेपर एकट्यालाच अंथरला न्हवं? मग लिहाबी एकट्याचं."

हार काढला. शाल ठेवली. लिहीपर्यंत उठलो न्हाई. लिहिलं म्हणले. मला वाचता कमी येतं, म्हणून नक्कल मागून घेतली, ती त्यांच्या कारकुनाकडून न्हाई, बाहेरच्या चहावाल्याकडून वाचून घेतली.

अजून निकाल न्हाई. दर महिन्याला हापिसात जातो, बसतो. मी मेलो तर म्हातारी हापिसात जाईल, त्याच खुर्चीवर बसंल. तिला सांगून ठेवलंय. पेपर असला तर आधी तो उचलायचा.