सलालाला नेलेला ऊद

मुरगूडच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या पिशवीत एक पुडी कोंबली, तेव्हा मला पाचवा महिना होता. वावडिंग, बाळंतशेपा आणि पावशेर ऊद. "बाळंतिणीला धुरी लागतीया. तिकडं वाळवंटात कुठनं मिळायचं? आठव्यात मी येतोच की," ती म्हणाली. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून नवरा तीन महिने आधीच ओमानमधल्या सलालाला गेला होता, मशिनच्या मेंटेनन्सला.

सलालाला उतरले तर गावभर तोच वास. बँकेत, शिंप्याच्या दुकानात, जिन्यात. जिथून जगभर ऊद जातो, ज्याला तिथे लुबान म्हणतात, तिथेच मी पावशेर घेऊन आले होते. नवरा पोट धरून हसला. मला हसू येईना. वास घरचा आणि घर नाही, यानं जीव थाऱ्यावर राहत नव्हता. एका शुक्रवारी त्यानं मला डोंगरापलीकडची लुबानाची झाडं दाखवली. बुटकी, वाकडीतिकडी, साल कागदासारखी सुटलेली. खोड तासलं की दुधासारखा चीक येतो आणि वाळून त्याचे खडे होतात. त्यातल्या एका झाडाखाली उभी राहून मी फोनवर मुरगूडच्या बाजाराचे फोटो बघत होते.

सातव्या महिन्यात आई गोठ्यात घसरली, मांडीचं हाड मोडलं. तिचा व्हिसा आला, ती आली नाही.

मुलगी झाली. हॉस्पिटलमधल्या नर्सनं बजावलं, बाळाजवळ धूर नको. आईनं खाटेवरून व्हिडिओ कॉलवर बजावलं, धुरी चुकवू नकोस. दोन दिवस मी निखारे पेटवायचे आणि पाणी टाकून विझवायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "तू आली नाहीस ना? मग तिथून सांगू नकोस." आईनं फोन ठेवला.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरची घरमालकीण वर आली. तिला सगळे सालेमची आई म्हणतात. तिला मोडकंतोडकं हिंदी येतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. तिनं बाळाला आतल्या खोलीत निजवायला लावलं, दार ओढून घेतलं, धुपाटणं आणलं. माझ्याच पुडीतला ऊद हातावर घेऊन हुंगला. आमच्याकडे ऊद साळईच्या झाडाचा असतो, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, मग हा आमच्या झाडाचा भाऊच. निखाऱ्यावर खडे टाकले, वर टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बाळाची झबली पसरली. धूर कपड्यांना, लेकराला नाही. मग ती झबली गॅलरीत चांगली झटकून तिनं बाळाला घातली.

मी आईला फोन लावून सगळं दाखवलं.

"ब्येस झालं," ती म्हणाली. "आता माझी काय गरज न्हाय."

आहे गं, म्हणेपर्यंत तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

मुलगी आता चार वर्षांची आहे. आई काठी टेकत चालते. मी सुट्टीला गावी निघाले की सालेमची आई तिच्या पायासाठी दर खेपेला निवडक लुबान देते. आई तो पाण्यात भिजवून ते पाणी पिते. गुण येतो का विचारलं तर म्हणते, वास चांगला हाय. दोघी माझ्या फोनवर एकमेकींशी बोलतात, एक मराठीत, दुसरी अरबीत, आणि मी मध्ये पडलेलं त्यांना आवडत नाही.

मीच कुठे टिकत नाही. सलालात असते तेव्हा सुट्टीचे दिवस मोजते. मुरगूडला आठवडा झाला की सलालातल्या गॅलरीतल्या कुंड्यांना नवऱ्यानं पाणी घातलं असेल का, याचा घोर लागतो. तुमच्यातले जे बाहेर पडलेत, त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलेत, त्यांना कसं सांगावं ते कळत नाही.

गेल्या सुट्टीनंतर निघताना आई उंबऱ्यापर्यंत आली. मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "घरी पोचलीस की फोन कर."

सलालाला ती पहिल्यांदाच घर म्हणाली. ती चूक सुधारेल म्हणून मी थांबले. तिनं सुधारली नाही. मी "करते" म्हणाले आणि गाडीत बसले.