पाटल्यांची विहीर

माहेराहून आणलेल्या सोन्याच्या दोन्ही पाटल्या मी स्वतः काढून नवऱ्याच्या हातावर ठेवल्या आणि आंजी गावाच्या वाटेवरच्या आमच्या वावरात विहिरीचं काम सुरू झालं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पाटल्या ठेवल्या म्हणजे मान वाकडी करून, डोळ्यांत पाणी आणून, शेजारच्या चार बायका पाहताहेत याची नीट खात्री करून. तेवीस वर्षांची होते. नाटकं येत होती, अक्कल यायची होती.

तेव्हापासून गावाने तिला ‘पाटल्यांची विहीर’ म्हटलं. ते मला फार गोड लागलं. तिथेच घात झाला.

पहिल्या उन्हाळ्यात काळी माती संपून मुरूम लागला. दुसऱ्या उन्हाळ्यात खडक, तोही कोरडा ठणठणीत. सुरुंग उडाला की नुसती धूळ वर यायची. विहीर खणणाऱ्या वडारांचा नायक खाली उतरून दगडाला हात लावायचा, ओलीचा वास येतो का पाहायला हात नाकाशी न्यायचा आणि वर येऊन बिडी पेटवायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात नवरा जेवता जेवता म्हणाला, “नाल्याजवळ पाहू काय? उंबर आहे तिथं. पाणी असनच.”

“अन् माह्या पाटल्या काय खड्ड्यात टाकाले देल्या?”

खड्ड्यातच टाकल्या होत्या की, बाई! पण माझ्या तोंडाला कोण लागणार? नवरा पुढचा घास मोडू लागला. धाकट्या दिराने मात्र माझी बाजू उचलून धरली. वैशाखात त्याचं लग्न ठरलं होतं, अंगात रग होती. “दादा, पस्तीस हात खोल गेलो आपन. आता सोडलं तं लोक हासतीन. वयनीचं बरोबर आहे.”

मी त्याच्या ताटात भाकर वाढली, वर तेलही जास्त घातलं.

चैत्रात एका सकाळी शिदोरी घेऊन वावरात गेले, तर नायक विहिरीच्या काठावर उकिडवा बसला होता. त्याने मला खूण करून बोलावलं. जमिनीत बोटभर रुंद भेग होती.

“भेगा काय आजच पाह्यल्या?” मी म्हटलं. “उन्हाळ्यात साऱ्या वावराले पडतेत.”

“त्या आडव्यातिडव्या पडतेत, बाई. हे विहिरीले येढा घालून राह्यली. मी मान्सं उतरवत नाई.”

“मजुरी वाढवाची असन तं सरळ सांग ना.”

त्याने आपली माणसं बोलावली, घण-पहारी उचलल्या आणि सगळे चालते झाले.

“जाऊ द्या त्यायले,” नवऱ्यासोबत बांधावरून आलेल्या दिराला मी म्हटलं. “दोनच हात राह्यले असतीन, भाऊजी.” दोन हात हा हिशोब कुठून आला, देव जाणे. गेली दोन वर्षं मी दोनच हात म्हणत होते.

तो घरची पहार घेऊन दोराने खाली उतरला. नवरा काठावरच्या कप्पीच्या चाकापाशी दोर धरून उभा राहिला. खालून पहारीचा ठण् ठण् आवाज येत होता, तो ऐकून मला बरं वाटत होतं.

ऊन चढलं तशी ती भेग रुंदावली. सकाळी बोट मावत होतं, आता पंजा गेला असता. मी पाहिलं. चांगलं पाहिलं. आणि नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून शिदोरीची टोपली उचलून तिच्यावर ठेवली. मी अशी शहाणी!

थोड्या वेळाने ती टोपली हलली. वारा नव्हता. मी तोंड उघडेपर्यंत समोरची अर्धी कड खाली बसली. आवाजही मोठा झाला नाही, भरलं पोतं आपटल्यासारखा एकच. मग पहारीचा आवाज बंद.

नवऱ्याची आरोळी ऐकून वडार बैलगाडीच्या वाटेवरच्या आपल्या पालांतून पळत परत आले. ज्या मातीत उतरायला सकाळी नाही म्हणाले होते, तिच्यातच उतरले. दीर छातीपर्यंत गाडला गेला होता. हातांनी माती उकरून त्यांनी त्याला वर काढलं आणि बांधावर आणून निजवलं. श्वास चालू होता. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. वैशाखातलं त्याचं लग्न झालं नाही, पुढेही कुठे जमलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी तो माझ्यासमोर पडला होता, तोंडात माती, डोळे उघडे. नवरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. मी विहिरीत वाकून पाहिलं आणि नायकाला विचारलं,

“हे माती काढाले किती दिवस लागतीन?”

दिराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.